पुनश्च, परत आणि पुढे

थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली म्हणजे तिला काय म्हणावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. 'पुन्हा' हा शब्द आहे, 'सुरू' हाही आहे. दोन्ही शेजारी ठेवले की काम भागते. तथापि चौतीस वर्षे शासनाच्या नोकरीत कागदावरील शब्दांशी झटापट केल्यामुळे म्हणा, किंवा इंदुरात घरी मराठी आणि कचेरीत हिंदी अशा दुहेरी व्यवहारामुळे म्हणा, या जोडीने आमचे कधी पुरते समाधान झाले नाही. काम सुरू होते हे तिच्यातून कळते. मधल्या काळाचे काय करायचे ते कळत नाही. आणि आमचा अनुभव असा, की भांडण नेहमी त्या मधल्या काळाबद्दलच असते.

लहान मुलांस हा भेद उपजत कळतो. आमचा नातू पाच वर्षांचा असताना रात्री गोष्ट ऐकता ऐकता झोपी जाई. दुसऱ्या रात्री तो दोहोंपैकी एक काही मागे: 'परत सांगा' किंवा 'पुढे सांगा'. 'परत' म्हणजे राजा, राणी, सात दरवाजे, सारे आरंभापासून. 'पुढे' म्हणजे काल पाचव्या दरवाजाशी थांबलो होतो, तेथून. चुकून आम्ही एकाच्या जागी दुसरे केले तर तो उठून बसत असे. इंदुरी वळणामुळे 'परत'च्या जागी कधी कधी 'वापस सांगा' येई, आणि त्याची आजी ते तत्काळ दुरुस्त करी. आम्ही मात्र त्या 'वापस'ला फारसे रागावत नसू. 'परत' या आपल्या शब्दातही 'माघारी' आणि 'आणखी एकदा' हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतातच की! 'परत ये' असे म्हटले तर माघारी ये की आणखी एकदा ये, हे प्रसंगावरून ओळखावे लागते. स्वयंपाकघरात भाजी परततात तेव्हा ती उलथ्याने वरखाली होते, कढईतून कोठे जात नाही. 'फिरून' या जुन्या शब्दाचाही हाच मासला. हिंदीतील 'फिर' त्याचाच भाऊबंद. या दोन्ही शब्दांत वळण आहे. 'पुढे' या शब्दात ते नाही. तो सरळ चालतो.

संस्कृताकडून आलेला 'पुनश्च' थोरामोठ्यांचा. मराठी माणसाच्या कानी तो पडला की पाठोपाठ 'हरिः ॐ' येतेच, आणि त्याचे श्रेय लोकमान्यांच्या अग्रलेखाकडे जाते. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांस दीड वर्षाची शिक्षा झाली. १८९८च्या सप्टेंबरात, मुदत पुरी होण्याआधी, ते सुटले. आणि 'केसरी'त 'पुनश्च हरिः ॐ' हा अग्रलेख आला तो १८९९च्या जुलैत. सुटका आणि तो मथळा यांच्यामध्ये दहा महिने आहेत, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. तुरुंगाचे दार उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस लेखणी उचलतो, असे चित्र आपल्या मनाने रंगविलेले असते. (आमच्या कचेरीतील एका हिंदीभाषक सहकाऱ्याने हे शीर्षक वाचून, 'म्हणजे हा ताजा कलम होता का?' असे विचारले होते. हिंदी पत्रव्यवहारात 'पुनश्च' हा शब्द पत्राखाली ताजा कलम लिहिताना घालतात. आम्ही त्यास इतिहास समजावला खरा, परंतु कल्पना काही वाईट नव्हती.)

वेदपठणाचा प्रारंभ 'हरिः ॐ' म्हणून होतो, थांबतानाही तेच म्हणतात. त्या परंपरेने खंडाचा जितका बारकाईने विचार केला आहे तितका आमच्या वित्त विभागानेही केला नसेल. प्रतिपदा, अष्टमी यांसारख्या ठरावीक तिथी अनध्यायाच्या. त्या दिवशी पाठ बंद. वर्षातून एकदा उत्सर्जन, म्हणजे अध्ययन विधिपूर्वक सोडून देणे. आणि श्रावणात उपाकर्म, म्हणजे ते विधिपूर्वक परत हाती घेणे. घराघरांतून 'श्रावणी' म्हणून जे उरले आहे ते हेच. थांबण्यास नाव आहे, धरण्यास नाव आहे, म्हणून मधल्या काळाबद्दल कोणी कोणास जाब विचारीत नाही. चातुर्मासाचेही तसेच. देव झोपतात, लग्ने थांबतात. आमच्या माळव्यात ज्या एकादशीस देवउठनी ग्यारस म्हणतात ती आली, तुळशीचे लग्न लागले, की बँडवाल्यांची तारीख मिळत नाही. चार महिन्यांचा खोळंबा कोणास खटकत नाही, कारण तो आधीच ठरलेला असतो.

जुन्या लोकांची एक रीत आम्हांस फार आवडते. संध्याकाळी दुकान 'बंद केले' असे ते म्हणत नसत. दुकान 'वाढवले' म्हणत. फुटलेली बांगडी 'वाढली'. निघतानाही 'जातो' असे कोणी म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. ही नुसती अशुभाची भीती नसावी. उद्या सकाळी फळ्या काढताना 'पुन्हा सुरू' असे म्हणण्याची पाळीच येऊ नये, अशी ती तजवीज असावी.

न ठरविता पडलेल्या खंडाची गोष्ट वेगळी. महसूल खात्यात असल्यामुळे आमचा शेतीशी संबंध पंचनाम्यापुरता. पण तेवढ्यातही शेतकऱ्याचे शब्द कानावर पडले. मृग बरा लागला म्हणून सोयाबीन पेरावे आणि पावसाने पाठ फिरवावी, बियाणे मातीत करपून जावे, मग आषाढात नव्याने पिशव्या विकत आणून पेरावे, ही झाली दुबार पेरणी. इकडे तिला 'दोबारा बोवनी' म्हणतात. हे पुन्हा सुरू करणेच आहे, परंतु आधीचे सारे बुडीत खाती घालून. सांगली-कोल्हापूरकडील आमच्या आप्तांकडे उसाचा 'खोडवा' असतो: लागणीचा ऊस तोडून नेल्यावर त्याच बुडख्यांतून येणारे पीक. त्याच्याही पुढचा तो 'निडवा'. नवे बेणे नाही, नवी लागण नाही, मूळ तेच. 'दुबार' आणि 'खोडवा' या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे ते शेतकरी मोजणीच्या भाषेत सांगेल: बियाण्याचा खर्च एकीकडे लागतो, दुसरीकडे लागत नाही. इतक्या नेमक्या जोडीचे शब्द शहरी मराठीत आम्हांस तरी सापडले नाहीत. आम्ही दोन्हीस 'पुन्हा सुरू' म्हणून मोकळे होतो.

आता कचेरीकडे येऊ. नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस 'रुजू' होतो. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे परत येणे, वळणे. जो मनुष्य कधी आलाच नव्हता त्यास आपण पहिल्याच दिवशी परत आणतो! रजेवरून आलेला कर्मचारी रुजू होतो तेव्हाच तो शब्द खऱ्या अर्थाने स्वगृही येतो. 'बहाल' हा त्याच घराण्यातील दुसरा. आपल्या आजच्या मराठीत पदवी बहाल होते, मान बहाल होतो, म्हणजे दिला जातो. हिंदीत आणि मध्यप्रदेशच्या नस्त्यांत मात्र निलंबित कर्मचारी बहाल होतो, म्हणजे पूर्वीच्या जागी बसविला जातो. फारसीत तो शब्द 'आहे त्या हालतीत' असा काहीसा अर्थ देतो, आणि हिंदी त्या अर्थाशी अधिक इमानी राहिली, हे मराठीच्या अभिमान्यांनी मान्य करावे. उलटपक्षी न्यायालयाचा 'जैसे थे' आदेश आपण खुशाल हिंदीत बोलतो आणि हिंदीवाले त्यासच 'यथास्थिति' म्हणतात. देवाणघेवाण अशी चालते.

बहालीच्या आदेशात दोन परिच्छेद असतात. नवखा माणूस पहिलाच वाचतो: अमुक यांस सेवेत बहाल करण्यात येते. जाणता माणूस थेट दुसऱ्याकडे जातो. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ मानायचा की नाही, हे तेथे लिहिलेले असते. मानला तर वेतन, वेतनवाढ, सेवानिवृत्तीची मोजणी, सारे अखंड. न मानला तर माणूस खुर्चीवर येतो पण मधली वर्षे त्याच्या सेवापुस्तिकेत भोकासारखी राहतात. आमच्या हाताखाली एका जिल्ह्याच्या कचेरीत एक मराठी लिपिक होते. तीन वर्षांनी निर्दोष ठरून आले. दुसरा परिच्छेद त्यांच्या बाजूने होता; संपूर्ण काळ कर्तव्यकाळ. आम्ही अभिनंदन केले. ते म्हणाले, 'साहेब, शासनाने तीन वर्षे ड्यूटीत धरली. मुलीची ठरलेली सोयरीक मोडली, ती मी कशात धरू?' आम्ही काही बोललो नाही. त्या प्रश्नास कोणत्याही नियमावलीत कलम नाही. ते गृहस्थ त्यानंतर नऊ वर्षे अत्यंत चोख काम करून निवृत्त झाले. 'बहाल' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नाही. 'मी आलो तेव्हा' एवढेच ते म्हणत.

शहरातील गिरण्यांच्या बाबतीत तर शब्दांनीच माणसांस वर्षानुवर्षे धरून ठेवले. गिरणी 'बंद पडते', 'संपत' नाही. आणि जे बंद पडले आहे ते चालू होऊ शकते, असे 'बंद' हा शब्द आतल्या आत सुचवीत राहतो. येथील हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागून सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम मोकळी झाली ती २०२३च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांनी. आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ अशाच एका गिरणीत जॉबर होते. ती बंद पडल्यावरही कित्येक वर्षे, भोंग्याच्या वेळेस ते आंघोळ आटोपून ओट्यावर बसत. 'सध्या बंद आहे' असे ते सांगत. त्या 'सध्या'वर त्यांनी आयुष्याचा तिसरा भाग काढला. कोणी 'संपली' म्हणण्याचे धैर्य केले असते, तर ते बहुधा वेळीच दुसरीकडे काम पाहते, असे आम्हांस वाटते. त्यांच्या पत्नीचे मत याच्या उलट आहे. 'सध्या' नसते तर ते चार दिवस काढते ना, असे त्या म्हणतात.

खंड हा केवळ तोटाच असतो असेही नाही, आणि याचे उदाहरण आमच्यापासून अवघ्या तासाभराच्या अंतरावर आहे. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन. सुमारे पाच वर्षे गाणे बंद. त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी ऐकली, आणि पुढे त्या लोकधुनांतून काय उभे राहिले ते या भागातील वाचकांस आम्ही सांगायला नको. बरे झाल्यावर ते जे गायले, ते आजारापूर्वीचे गाणे 'पुन्हा सुरू' झाले होते काय? जाणकार तसे म्हणत नाहीत. त्या छातीस जो दम उरला होता त्याच्या मापाने गाणे नव्याने बेतले गेले. येथे आमचे सारे शब्द तोकडे पडतात. 'पूर्ववत्' तर साफ खोटा ठरेल. मराठीत आपण साधेपणाने 'गाऊ लागले' म्हणतो, आणि आमच्या मते तेच बरोबर आहे.

हा शब्दविचार आमच्या अंगावर खरोखर येऊन पडला तो २०२१ साली. टाळेबंदी हा शब्द पूर्वी गिरण्यांपुरता होता. २०२०च्या मार्चनंतर तो घराघरांत शिरला. जूनपासून 'अनलॉक' आले, त्यासही एक, दोन, तीन असे क्रमांक. महाराष्ट्रात 'पुनश्च हरिओम'ची घोषणा झाली. आगगाड्या सुरू झाल्या, परंतु विशेष गाड्या म्हणून, क्रमांकाआधी शून्य लावून. गाडी तीच, मार्ग तोच. तरी ते शून्य सांगे की ही ती नव्हे. २०२१च्या नोव्हेंबरात रेल्वेने जुने क्रमांक परत देण्याचे ठरविले. अनेकांस ती लिपिकी बाब वाटली. आम्हांस हायसे वाटले.

त्याच महिन्यात आमचे वाचनमंडळ पुन्हा भरले. दर पंधरवड्यास शनिवारी कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमून एक पुस्तक मोठ्याने वाचायचे, एवढाच त्याचा पसारा. इतिवृत्ताची वही आमच्याकडे. १४ मार्च २०२० रोजी १८७वी बैठक झाली. वाचन 'स्मृतिचित्रे'चे चालले होते. रेव्हरंड टिळकांच्या धर्मांतरानंतर नवराबायकोची ताटातूट झालेली आहे, तेथवर आलो होतो. तेरा जणांच्या सह्या आहेत. खाली ओळ आहे: 'पुढील बैठक दि. २८ मार्च.' ती झाली नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी जमलो तेव्हा आम्ही दहा होतो. एक जण पहिल्या लाटेत गेले, दोघे दुसऱ्या लाटेतील एकाच एप्रिलमध्ये.

वहीत काय लिहावे यावर पाऊण तास गेला. एक निवृत्त प्राचार्य म्हणाले, 'पुनरारंभ' लिहा, दीपप्रज्वलन करू, नवी वही घेऊन एकपासून क्रमांक घालू. बँकेतून निवृत्त झालेले सदस्य म्हणाले, जुना हिशोब मिटविल्याशिवाय नवे खाते उघडत नाहीत. आम्ही साहित्य संमेलनाचा दाखला दिला. पहिले ग्रंथकार संमेलन पुण्यास १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भरले, दुसरे १८८५ साली, आणि तिसरे साताऱ्यास एकदम १९०५ साली. मध्ये वीस वर्षे! तरी क्रमांक दोननंतर तीनच आला. त्याच मोजणीने १९१७चे इंदूरचे संमेलन दहावे ठरते. क्रमांक खंड लपवीत नाही, कारण शेजारी साल लिहिलेले असते. फक्त तो खंडामुळे अडत नाही. १८८ घालावा, असे आमचे म्हणणे.

तेव्हा वहिनी बोलल्या. एप्रिलमध्ये गेलेल्या आमच्या मित्राच्या त्या पत्नी. 'भाऊजी, तुम्हीच मागे सांगितले होते, तहकूब झालेली सभा परत भरली तर ती नवी सभा नसते, तीच सभा असते. मग त्या दिवशीची सभा तहकूब झाली होती असे लिहिता येईल का? म्हणजे ह्यांची सही चालेल.'

नियम त्यांनी बरोबर लक्षात ठेवला होता. संस्थांच्या घटनांतून तो असतोच; गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते, आणि मग गणपूर्तीची अट राहत नाही, यावर आपण सारे आयुष्यभर हसत आलो आहोत. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. जुनाच पुढे न्यावा लागतो. परंतु सभा तहकूब होण्यास ती तहकूब करणारा कोणी लागतो. १४ मार्चला आम्ही चहा पिऊन, चपला घालून, 'येतो' म्हणून उठलो होतो. सभा रीतसर संपली होती. शासकीय सवय इतकी हाडीमाशी मुरलेली, की खोटी नोंद करण्यास आमचा हात धजेना. आणि 'नाही' म्हणण्यास जीभही उचलेना.

मग बँकेच्या गृहस्थांनीच वाट काढली. रोजकीर्दीत पान संपले की बेरीज पुढच्या पानावर नेतात आणि वर लिहितात: 'मागील पानावरून'. त्यात कोणी काही तहकूब केलेले नसते, नवेही सुरू केलेले नसते. रक्कम जशी असेल तशी पुढे येते. वहिनींनी विचारले, 'आणि कमी झाली असेल तर?' ते म्हणाले, 'तरी तीच लिहायची, वहिनी.'

लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' १९१९नंतर हाती घेऊन पुरे केले, ही गोष्ट आमच्यापैकी कोणीतरी त्या वेळी काढली. ती तेथे किती लागू होती कोण जाणे. पण तिच्यामुळे पुस्तक बाहेर आले. प्रत आमच्या मित्राची होती. शेवटच्या दिवशी वाचणारेही तेच. पानात खूण म्हणून विजेचे जुने बिल होते. वाचन वहिनींनी केले. खुणेच्या जागेपासून आरंभ केला, पण दोन ओळींत सर्वांच्या लक्षात आले की कोण कोठे होते याचा धागाच सुटला आहे. म्हणून दीड पान मागे जाऊन त्या नव्याने वाचू लागल्या, आणि खुणेपाशी आल्यावर न थांबता तशाच गेल्या.

वही आमच्यासमोर आहे. डाव्या पानावर १८७, तेरा सह्या. उजव्या पानावर १८८, वर 'मागील पानावरून पुढे', दहा सह्या. बाविसाव्या महिन्याच्या आत 'स्मृतिचित्रे' संपले. सध्या दुसरे पुस्तक चालू आहे, आणि येत्या शनिवारची बैठक आमच्याकडे आहे.